लाइट न चमकलेला फोटो

मी एक जुनी लेन्स आहे, मित्रांनो. कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवतात ती काच. मुठीत मावते एवढीच मी आहे आणि अंगावरच्या आकड्यावरून सगळे मला 'पन्नास' म्हणतात. आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू कशा शांत असतात, ते मला ठाऊक आहे. फाटकी छत्री असो की मोडकी खुर्ची, सगळ्या मऊ आवाजात बोलतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून टाकतात. मला ते जमणार नाही. मी वैतागलेली आहे आणि वैतागूनच सांगणार आहे. लग्नसराईत माझ्यासारखं बॅगेच्या तळाशी पडून राहावं लागलं असतं, तर तुम्हीही वैतागला असतात.

माझा जन्म दूर परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे तोंडाला पट्ट्या बांधलेली माणसं काचा घासत होती, पुसत होती आणि पुन्हा घासत होती. माझ्या पोटात त्यांनी पोलादी पात्यांचं एक गोल भोक बसवलं. तुमच्या डोळ्यातल्या बाहुलीसारखं ते मोठं होतं आणि लहान होतं. उजेड कमी असला की मी ते पूर्ण उघडते आणि असेल नसेल तो उजेड आत ओढून घेते. माझ्यात एवढाच गुण आहे. लांबचं जवळ आणणं मला येत नाही. जवळचा फोटो हवा असेल तर कॅमेरेवाल्याने पायांनी चालत पुढे जावं, असा माझा साधा हिशेब आहे. पण हल्ली चालायचं कुणाला असतं?

कारखान्यातून मी आले ती थेट जळगावच्या एका दुकानातल्या काचेच्या कपाटात. तिथे गिऱ्हाइकं येत, आमच्या अंगावरचे आकडे वाचत आणि जिचा आकडा मोठा ती लेन्स चांगली असं ठरवून मोकळी होत. पन्नासपेक्षा दोनशे चौपट चांगली! अरे, आम्ही काय परीक्षेत बसलो आहोत? त्यातून पोटातल्या भोकाचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. हा उलटा हिशेब दुकानदार समजावून सांगे आणि गिऱ्हाईक मान डोलावून शेवटी मोठाच आकडा घेऊन जाई. माझ्यावर धूळ बसायला लागली होती.

मग एक दिवस पारोळ्याचे नवल पाटील आपल्या नव्या नवरीला, कामिनीला, घेऊन आले. बसस्टँडाजवळ त्यांनी नुकताच फोटो स्टुडिओ टाकला होता. नवलभाऊंची नजर अर्थातच लांबलचक लेन्सवर होती. कामिनीने काय करावं? तिने दुकानदाराला सरळ दुकानातल्या ट्यूबलाइट बंद करायला सांगितल्या. दुकानदाराने तोंड वाकडं केलं, पण बंद केल्या. मग तिने नवलभाऊंना कोपऱ्यात उभं केलं आणि एकेक लेन्स लावून त्यांच्याकडे बघितलं.

"हिच्यात तुमचं तोंड दिसतंय," माझ्यातून बघत ती म्हणाली. "बाकीच्यांत नुसता शर्ट दिसतो. लग्नात लोक शर्ट बघणार आहेत का?"

अशी माझी निवड झाली. लेन्स निवडायची इतकी सरळ रीत मी त्याआधी पाहिली नव्हती आणि त्यानंतरही पाहिली नाही.

सुरुवातीची वर्षं फार चांगली गेली, मित्रांनो. पारोळा, धुळे, भुसावळची रेल्वे कॉलनी, कुठे कुठे मी गेले! आमच्या खानदेशात गोरज मुहूर्ताची लग्नं पुष्कळ. सूर्य मावळतीला गेला की भटजींना घाई होते, अंतरपाट धरला जातो आणि नेमका त्याच वेळी उजेड गायब होतो. मांडवातली वीज गेली म्हणजे तर विचारूच नका. अशा वेळी नवलभाऊ मला पूर्ण उघडत, श्वास रोखून धरत आणि मी अंतरपाटाच्या वरून नवरीच्या नजरेतला भाव टिपून आणत असे. अल्बम बघताना लोक म्हणत, "नवलभाऊ, तुमच्या फोटोतलं माणूस बोलतं." मला फुशारकी मारायची सवय नाही, पण बोलायला लावत होते ती मी!

मग तोप आली.

तोप म्हणजे ती हातभर लांब, पांढरी, जाडजूड लेन्स. तिचं खरं नाव आकड्यांचं आहे, पण लग्नघरी सगळे तिला तोपच म्हणतात. मोकळ्या मैदानात, वरातीत, लांबून टिपायला ती चांगली आहे. हे मी मान्य करते, कारण खोटं बोलणं काचेच्या स्वभावात नसतं. पण तिला निवडलं होतं ते तिच्या कामासाठी नव्हे. एका लग्नात नवरदेवाच्या काकांनी मला बघून विचारलं होतं, "एवढासाच कॅमेरा का, भाऊ?" ते नवलभाऊंच्या मनाला लागलं. त्यानंतर तोप गळ्यात आणि मी बॅगेत. बॅगेत माझ्यासोबत कोण, तर चार्जर, सुपारीची पुडी आणि धुवायला विसरलेला एक रुमाल. मला पुसायचं कापडही तेच! माझ्या काचेवर आज जे ओरखडे आहेत, ते त्या रुमालाने दिलेले आहेत.

आणि फ्लॅशचं काय सांगू तुम्हाला? लोकांची पक्की समजूत आहे की लाइट चमकला म्हणजे फोटो निघाला. मग कॅमेरेवाल्यांनीही युक्ती काढली. स्टेजवर गर्दी झाली, नको नको ते नातेवाईक रांगेत उभे राहिले, की नुसता लाइट मारायचा. फोटो काढायचाच नाही! याला ते 'खाली लाइट', म्हणजे रिकामा लाइट, म्हणतात. लाइट चमकतो, माणसं खूश होऊन जेवायला जातात आणि अल्बममध्ये आपण कुठे आहोत ते वर्षभर शोधत बसतात. उलट मी लाइटशिवाय खराखुरा फोटो काढला, तर लोक मख्ख चेहऱ्याने तसेच उभे. "काढा ना भाऊ," म्हणतात. काढला की हो! पण ऐकतं कोण.

हे सगळं ज्या दिवशी अंगाशी आलं, त्या दिवसाची गोष्ट आता सांगते. चोपड्याजवळच्या एका गावात लीलाधर आबांच्या मुलीचं लग्न होतं. केळीचे मोठे बागाईतदार होते ते. नवरीचं नाव ऋतिका. नवरदेव सुरतेचा, त्यामुळे ती लग्नानंतर तिकडेच जाणार होती. मांडवात दिवसाही डोळे दिपतील असे दिवे टांगले होते, एका बाजूला वांग्याची भाजी शिजत होती आणि गोवऱ्यांवर भाजायला ठेवलेल्या कणकेच्या बट्ट्यांचा धूर सगळ्या अंगणात पसरला होता.

ऋतिकाला लहानपणापासून सांभाळलं होतं ते तिच्या आजीने, भागाबाईंनी. ऋतिका तिला 'मोठी माय' म्हणायची. आमच्याकडे पुष्कळ घरांत आजीला असंच म्हणतात. या भागाबाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. एका डोळ्यावर पट्टी, वरून काळा चष्मा आणि दुसऱ्या डोळ्याने आधीच अंधुक दिसायचं. धूर नको, धूळ नको, डोळ्यावर झगझगीत उजेड तर मुळीच नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून त्यांना घराच्या मागच्या खोलीत बसवलं होतं. जाड भिंती, हिरवा रंग, धान्याच्या कोठ्या आणि एकच खिडकी. त्या खिडकीवरही साडी टांगलेली. लग्न त्यांना नुसतं ऐकावं लागणार होतं.

ऋतिकाने नवलभाऊंना सकाळीच सांगून ठेवलं होतं. "भाऊ, मला मोठ्या मायसोबत एक फोटो पाहिजे. बाकीचे बिघडले तरी चालतील, पण तो एक चांगला काढा. मी सुरतेला तोच घेऊन जाणार आहे."

हळद लागली आणि आंघोळीला जायच्या आधी, अंगभर पिवळी झालेली ती पोर मागच्या खोलीत आली. मागोमाग नवलभाऊ तोप घेऊन आले. कामिनीही आली, कारण बायकांचे फोटो आता तीच काढत असे. भागाबाई एका चटईवर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

मी बॅगेत बसून ऐकत होते. नवलभाऊंनी तोप रोखली. खोली छोटी आणि तोपेला लागते लांबी. ते मागे सरकले, आणखी मागे सरकले आणि धडाम् करून कोठीवर आदळले. तरी तोपेत काय दिसलं, तर नवरीचं नाक. मग त्यांनी दुसरी, साधी झूम लेन्स लावली. तिच्या पोटातलं भोक बारीक. तिला उजेड पुरेना, फोटो हलायला लागले. कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद वाढवली तर चेहऱ्यांवर वाळू पसरल्यासारखे दाणे. बाहेर उन्हात ठीक असलेली लेन्स आतल्या खोलीत काय करणार? पण हे फोटो काढायला आल्यावर कळावं का माणसाला?

लीलाधर आबा दारातून डोकावले. त्यांना मांडवात शंभर कामं होती. "नवलभाऊ, एकच खेप मारा ना लाइट. काय व्हस?"

"नही आबा," ऋतिका म्हणाली. "तिच्या डोळ्याला काही झालं तर? लाइट नाही मारायचा."

"अहो, पन्नास कुठंय?" कामिनीने विचारलं.

"कुठली पन्नास?"

कुठली पन्नास! जिच्यावर याचा स्टुडिओ उभा राहिला, ती कुठली! कामिनीने स्वतःच बॅगेत हात घातला, चार्जरच्या वायरमधून मला सोडवलं आणि आपल्या पदराने पुसून कॅमेऱ्याला लावलं. कित्येक महिन्यांनी माझ्यावर उजेड पडला. थोडासाच होता, पण मला तेवढा पुरतो.

कामिनीने चटईवर जागा करून दिली. "आजी, जरा पुढे या. ऋतिकाच्या शेजारी बसा."

"नको माय," भागाबाई भिंतीपासून न हलता म्हणाल्या. "मी आठेच बरी शे. हयदनी नवरीजोडे मन्हं काय काम?"

त्या विधवा होत्या. हळदीच्या नवरीपासून आपण लांब राहायचं, हे त्यांनी कुणी न सांगताच ठरवून टाकलं होतं. सकाळी हळद लावतानाही त्या बाहेर आल्या नव्हत्या. डोळ्यांचं निमित्त होतंच. ऋतिकाने हात धरून ओढलं, तरी त्या हातभर मागेच राहिल्या आणि चष्मा नीट करून ताठ बसल्या. घाईत कुणी फार आग्रहही केला नाही. नवलभाऊ म्हणाले, "राहू द्या, फोटोत येतात दोघी." त्यांनी मला पूर्ण उघडलं, ऋतिकाच्या चेहऱ्यावर नेम धरला आणि फोटो काढला. पुन्हा काढला. पुन्हा काढला.

"झाला," ते म्हणाले.

भागाबाई हलल्याच नाहीत. त्या लाइटची वाट बघत होत्या. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं की माणसं उठायला लागली आहेत.

"काय झाला?" त्यांनी विचारलं. "चमकनाच नही ना भो! लाइट चमकना नही, मंग फोटू कसा निंघना?"

"आजी, लाइट लागत नाही याला."

"म्हतारी आंधयी शे म्हनीसन फसाडस काय माले?" त्यांचा आवाज चढला. "तुम्ही फोटूवाला लोकेसले खोटा लाइट मारतस, माले ठाऊक शे. मन्हाकरता तर खोटा बी नही मारा! नको माले फोटू. जा तुम्ही मांडवमा." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

नवलभाऊंचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आयुष्यभर खाली लाइट मारले आणि खरा फोटो काढला त्या दिवशी चोर ठरले! मला मनातून हसू आलं. पण ते टिकलं नाही, कारण ऋतिकाने कॅमेरा हातात घेऊन पडद्यावर फोटो मोठा केला होता.

ऋतिका सुरेख आली होती. तिच्या पापणीवरचा हळदीचा कणसुद्धा दिसत होता. आणि तिच्या मागे भागाबाई नव्हत्याच. एक पांढुरका, पुसट आकार होता. ती साडी आहे की पडदा आहे, हेही सांगता येत नव्हतं.

"यात मोठी माय कुठे आहे, भाऊ?" तिने विचारलं.

"लेन्स जुनी झाली ना," नवलभाऊ पटकन म्हणाले. "फोकस गेलाय तिचा."

मित्रांनो, त्या क्षणी मला जीभ असती ना! माझा फोकस गेला? अरे बाबा, पूर्ण उघडल्यावर मला एका वेळी एकच अंतर स्वच्छ दिसतं. जो त्या अंतरावर आहे तो लखलखीत, जो हातभर मागे आहे तो गेलाच. हा माझा आजार नाही, स्वभाव आहे. तुम्ही एकीवर नेम धरला, दुसरीला मागे बसू दिलं, मग मी काय करू? आणि सगळ्यात जास्त चीड मला कशाची आली, सांगू? म्हातारीचं म्हणणं खरं निघालं होतं. कारण चुकीचं, पण म्हणणं खरं. त्या फोटोत ती नव्हतीच.

"लेन्सला काही झालेलं नाही," कामिनी म्हणाली. तिलाही राग आला होता. "दोघींचे चेहरे एका ओळीत पाहिजेत. एकीच्या मागे दुसरी चालणार नाही. लाइट असता तर भोक बारीक करून चाललं असतं, लाइट नाही तर नाही."

"एका ओळीत म्हणजे किती जवळ?" ऋतिकाने विचारलं.

"गालाला गाल लागला तर उत्तम."

मांडवातून लाउडस्पीकर किंचाळत होता. ऋतिका उठली आणि आजीच्या अगदी शेजारी, भिंतीला टेकून बसली.

"मोठी माय, तू मांगे बसनी म्हनीसन फोटूमा तू दखायनीच नही."

"बरं झायं," भागाबाई भिंतीकडे बघतच म्हणाल्या.

"तुन्हाबिगर मन्हा फोटू नको. मंग मी बी मांडवमा काढत नही एक बी."

"येडी शे का? तठे बठ्ठा लोके वाट दखी राहिनात."

"दखू दे."

भागाबाईंनी मान वळवली. ऋतिकाने त्यांच्या खांद्यावर हात टाकून त्यांना जवळ ओढलं.

"बेटा, हयद लागी जाई मन्हा गालले," त्या घाबरून म्हणाल्या. ती म्हातारी खरंच घाबरली होती, मित्रांनो. मला स्वच्छ दिसत होतं, कारण आता ती माझ्या अंतरात आली होती.

"लागू दे," ऋतिका म्हणाली आणि तिने आपला गाल आजीच्या गालावर ठेवला.

नवलभाऊ पुढे झाले, तर कामिनीने कॅमेरा आपल्याकडे घेतला. ती गुडघ्यांवर बसली, मला पूर्ण उघडलं आणि पुढे सरकत सरकत हवी तेवढी जवळ आली. साडीच्या पडद्यातून जो काही उजेड झिरपत होता, तो सगळा मी ओढून घेतला. एक पिवळा गाल, एक सुरकुतलेला गाल. सुरकुतलेल्या गालावर पिवळा डाग लागलेला. काळ्या चष्म्याच्या कडेखालून एक पाण्याचा थेंब ओघळत होता, तोही मी घेतला. कामिनीने हळूच बटण दाबलं. फोटो निघाला.

भागाबाई श्वास रोखून ताठ बसल्या होत्या. गाल तसाच नातीच्या गालाला लावलेला. त्या लाइटची वाट बघत होत्या.

"चमकना का?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं.

नवलभाऊ सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात कामिनीने त्यांचा हात दाबला. ऋतिकाने डोळे मिटून घेतले.

"नही मोठी माय," ती म्हणाली. "अजून नही चमकना. बस तशीच."

आणि त्या बसून राहिल्या. बाहेरून दोनदा हाका आल्या. लीलाधर आबा दारात आले, त्यांनी आत पाहिलं आणि आल्या पावली परत गेले. खोलीतलं कुणीच हललं नाही. मी तर उघडीच होते, पण बघण्यासारखं सगळं माझ्यात आलेलं होतं.

आता तुम्हाला वाटेल, यानंतर माझे दिवस पालटले असतील. कसले पालटतात! तो फोटो लीलाधर आबांच्या बैठकीत मोठा करून लावला आहे. पट्टी निघाल्यावर भागाबाईंनी तो अगदी नाकाजवळ धरून बघितला, असं कामिनी सांगत होती. एक प्रत आमच्या स्टुडिओतही आहे; येणारा-जाणारा ती बघून विचारतो, "तोपेने काढला का हो?" आणि नवलभाऊ मिशीत हसून "हो" म्हणतात. मी बॅगेतून ऐकते आणि चार्जरकडे बघत बसते.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादी जुनी लेन्स असेल तर तिला मळक्या रुमालाने पुसू नका. मऊ कापड घ्या, झाकण लावा, कोरड्या जागी ठेवा. नवी निवडायची असेल तर दुकानातले दिवे मालवून निवडा आणि आकड्यांना भुलू नका. एवढी काळजी घेतलीत तर आम्ही तुमच्या नातवंडांचेही फोटो काढू. पण एक गोष्ट आम्हा लेन्सच्या हातात नसते आणि ती मला तुम्हाला ओरडून सांगायची आहे. ज्याला तुम्ही मागे बसू दिलं, ते माणूस मला दिसत नाही. आधी त्याला ओढून आपल्या शेजारी घ्या. मग मला खुशाल नावं ठेवा.